एकाही पानाला भोक नको

“वाक,” मामलेदार म्हणाले.

मी वाकलो.

“आणखी वाक. नमस्कार करायला सांगितलेलं नाही, पान बघायला सांगितलंय.”

नाक पानाला टेकेपर्यंत वाकलो. तळहाताहून मोठं, निळसर हिरवं पान. कडेला सायीसारखी पांढरी किनार, आणि शिरा अशा खोल की घडी घालून ठेवलेलं लुगडं कुणी नुकतंच उलगडलंय असं वाटावं.

“भोक दिसतं?”

“नाही, रावसाहेब.”

“डावीकडच्या पानाला, खालच्या अंगाला. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत तरी मला ठाऊक आहे, आणि तू म्हणे फोटोग्राफर.”

बघितलं तर खरंच होतं. मोहरीएवढं.

“गोगलगाय,” मामलेदार म्हणाले. फरारी आरोपीचं नाव घ्यावं तसे म्हणाले.

हे मामलेदार म्हणजे नीळकंठराव सबनीस. नोकरीतून निवृत्त होऊन पांचगणीला राहायला आले होते आणि तिथल्या दारूबंदी प्रचार सभेचे अध्यक्ष होते. त्यांची मुलगी कुंदा. मला कुंदाशी लग्न करायचं होतं, कुंदाला माझ्याशी करायचं होतं, राहिले होते एकटे मामलेदार. त्यांच्या हरकती दोन. पहिली, माझा धंदा फोटो काढण्याचा, म्हणजे उन्हावर चालणारा, आणि पांचगणीला पावसाळाभर ऊन नसतं. दुसरी, मी थापा मारतो. आता टेबललँडवर एकदा धुकं इतकं दाट पडलं होतं की मी कॅमेऱ्याचा स्टँड न उघडता कॅमेरा नुसता धुक्यावर टेकवून फोटो काढला, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. मामलेदारांनी फोटो मागितला. तेव्हापासून आमचं बिनसलं.

“उद्या मी पुण्याला चाललोय, डोळ्याच्या ऑपरेशनला,” ते म्हणाले. “कुंदा बरोबर येतेय. परत आलो की नव्या डोळ्याने पहिली ही पानं बघणार. एकाही पानाला भोक नको. तसं असलं, तरच दुसरा विषय.”

“दुसरा विषय म्हणजे...”

“दुसरा विषय म्हणजे दुसरा विषय.”

कुंदा दाराशी उभी होती. “बाबा, पण एक भोक आजच आहे. ते यांच्या नावावर मांडणार का?”

मामलेदारांनी खिशातून कात्री काढली आणि ते पान देठातून छाटलं. “आता नाही,” ते म्हणाले. मोठा न्यायी माणूस.

मला फाटकापर्यंत पोचवताना कुंदा म्हणाली, “माणसांना थापा मारता ते ठीक आहे. झाडापुढे चालायच्या नाहीत.”

त्या झाडाचं नाव होस्टा. मिस थॉर्न म्हणून शाळेच्या एक मड्डम होत्या, त्यांनी विलायतेहून त्याचा गड्डा आणला आणि कायमच्या परत जाताना कुंडीसकट मामलेदारांच्या ओटीत घातला. मामलेदार त्याला राणीसाहेब म्हणत. राणीसाहेबांना ऊन सोसायचं नाही, म्हणून मुक्काम मागच्या पडवीत. थंडीत पानं टाकून त्या मातीखाली झोपी जायच्या, आणि थंडी जितकी कडक तितकी झोप गाढ. आम्ही दोन-दोन स्वेटर घालून कुडकुडायचो तेव्हा मामलेदार झाडाला थंडी पुरत नाही म्हणून हळहळायचे आणि गोळेवाल्याकडून बर्फ आणून कुंडीत ठेवायचे. हिवाळ्यात पांचगणीला बर्फाचं गिऱ्हाईक एकच होतं, आणि ते झाड होतं.

मे महिन्यात गुंडाळलेल्या पानांच्या सुरळ्या वर यायच्या, पावसाळ्यात उलगडायच्या, आणि उलगडल्या की गोगलगायी यायच्या. अंगणात दुसरं काही नव्हतं असं नाही. मोहरी होती, झेंडू होता, भोपळ्याचा वेल होता. पण गोगलगायीची जात खानदानी. ती मोहरी ओलांडून, झेंडूला वळसा घालून, थेट राणीसाहेबांकडे यायची. मामलेदार रोज पहाटे बसून त्यांना चिमट्याने उचलत. डोळे गेले तसा चिमटा चुकू लागला, पानांना भोकं पडू लागली. हरणाऱ्या माणसाने शेवटचा किल्ला सोपवावा तशी ती कुंडी, घराच्या किल्लीसकट, त्यांनी माझ्याकडे सोपवली होती.

मी आधी कुंडीभोवती राख पसरली. पावसाने रात्रीत तिचा चिखल केला, आणि त्या गार चिखलावरून गोगलगायी गालिच्यावरून याव्यात तशा आल्या. मग मी त्यांना उचलून कुंपणापलीकडे, शेजारच्या सोराबजींच्या बागेत टाकायला लागलो. संध्याकाळी पुन्हा तितक्याच हजर. या नव्या की जुन्याच, कळेना. माझ्याकडे फोटो रंगवायचे रंग होते. मी प्रत्येकीच्या शंखावर लाल ठिपका दिला आणि पलीकडे सोडलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सोराबजी स्वतः आले. रेशमी झगा, डोक्यावर छत्री, तळहातावर गोगलगाय.

“पोतनीस, हा तुझा मेंबर?” त्यांनी विचारलं. शंखावर लाल ठिपका होता.

“नाही बुवा.”

“दिकरा, पांचगणीमध्ये लाल रंग कोणाकडे हाय? माझ्या बागेमधला सगळा लेट्यूस खाऊन या लोकांनी कुंकू लावून हळदीकुंकू केलाय.”

मी त्यांना बसवलं आणि सगळं खरं सांगितलं. होस्टा, भोकं, दुसरा विषय. सोराबजींनी ऐकून घेतलं, गोगलगाय अलगद टेबलावर ठेवली.

“मिस थॉर्न हर पावसाळ्यात माझ्याकडून बियर न्यायची,” ते म्हणाले. “मला वाटायचा, एकटी बाई हाय, पिते बिचारी. इंग्लंडला जाताना बोलली, मी पीत नव्हते, सोराब, पाजत होते. बशीमध्ये ओतायची आणि झाडाच्या बाजूला ठेवायची. गोगलगाय पान सोडून बियरकडे जाते.”

“मग?”

“मग काय, माणसाचा होतो तेच. आत पडते.”

त्या काळी बाटली घ्यायची तर सरकारी परवाना लागे. सोराबजींकडे प्रकृतीच्या कारणाने परवाना होता आणि प्रकृती ठणठणीत होती, त्यामुळे शिल्लक पडायची. पण माणूस पक्का.

“माझा बियर कोण पितो ते मी बघणार,” ते म्हणाले. “असा अनोळखी माणसाला मी देत नाय.”

अशा रीतीने दारूबंदी प्रचार सभेच्या अध्यक्षांच्या मागच्या पडवीत रोज संध्याकाळी बैठक भरू लागली. कुंडीभोवती बशा, बशांपलीकडे वेताच्या खुर्चीत सोराबजी, हातात स्वतःचा पेला. पाहुण्यांना एकट्याने प्यायला लावणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. तुम्हाला खोटं वाटेल, पण प्यायलेली गोगलगाय मी बघितलीय. नेहमीची गोगलगाय सरळ रेघ ओढत जाते. ही मोडीत सही करत जाते. एक तर बशीतून बाहेर येऊन सोराबजींच्या सपातेवर चढली आणि तिथेच शंखात शिरून झोपली. सोराबजी ती उठेपर्यंत घरी गेले नाहीत.

बहुतेक मात्र बशीतच राहिल्या. आणि राणीसाहेब फुलल्या. श्रावण सरेपर्यंत कुंडी पानांनी झाकली गेली. रोज सकाळी मी फोटोवरचे डाग काढायचं, रिटचिंगचं भिंग घेऊन एकेक पान पुढून-मागून तपासायचो. टाचणी जाईल एवढंही भोक नव्हतं.

मामलेदार येणार त्याच्या आदल्या दिवशी त्यांची थोरली बहीण आली, देवरुखहून. भावाच्या डोळ्याचं पथ्यपाणी करायला. सगळे तिला आक्का म्हणत. ट्रंक, पंचा, नारळांचं पोतं आणि सर्दी घेऊन ती उतरली. घाटातल्या गारठ्याने तिचं नाक असं चोंदलं होतं की “मामलेदार” म्हणताना “बाबलेदार” निघायचं. मी तिला किल्ली दिली, घर दाखवलं आणि मागच्या पडवीत नेलं.

“आक्का, ही कुंडी. ही पानं मी जिवापाड जपलीयत. खास रावसाहेबांसाठी राखून ठेवलीयत. कुणी हात लावायचा नाही. उद्या ते आले की त्यांच्यापुढेच काय ते.”

आक्काने एक पान दोन बोटांत धरून चोळून बघितलं. “लुसलुशीत आहेत हो,” ती म्हणाली. “गुणाचा आहेस. निळूची आवड बरी लक्षात ठेवलीस.”

मला वाटलं, किती समजूतदार बाई.

सकाळी बशा धुऊन जागेवर ठेवल्या. सरबताच्या बाटलीत उरलेली थोडी बियर होती, ती सोराबजींना परत करायची राहिली. घाईत स्वयंपाकघरात घडवंचीखाली मागे सरकवली. आणि टॅक्सी घेऊन वाईला गेलो. डॉक्टरांनी मामलेदारांना वाकायला, धक्के खायला आणि कडक चावायला मनाई केली होती. म्हणून वाईपर्यंत ते एस.टी.ने आले आणि घाट टॅक्सीने, बैलगाडीच्या चालीने. काळा चष्मा लावून मामलेदार पुढे ताठ बसले होते.

“गोगलगायी?” पसरणी घाटाच्या पहिल्याच वळणावर त्यांनी विचारलं.

“गेल्या, रावसाहेब.”

“कशा?”

“शांतपणे.”

मागे कुंदाने खोकल्यासारखं केलं.

घरी पोचलो तेव्हा पाऊस तिरपा मारत होता. मामलेदार काठी टेकत थेट मागच्या पडवीकडे निघाले. आक्का मध्ये उभी राहिली.

“निळू, आधी पानावर बस. डोळा काय बघायचंय ते जेवून बघेल. गरम वड्या केल्यात.”

जिल्ह्याभराचे तलाठी ज्याला चळचळा कापायचे तो माणूस मुकाट्याने पाटावर बसला. थोरल्या बहिणीपुढे त्यांचा हुद्दा कधी चालला नव्हता.

वड्या आल्या. कापलेल्या, बाहेरून खरपूस, आतून मऊ. मामलेदारांनी एक खाल्ली. मग थांबले. दुसरी खाल्ली.

“आक्का,” ते म्हणाले, “आईनंतर अशी वडी खाल्ली नाही.”

“खा.”

“घसा जरासुद्धा खवखवत नाही. आणि पीठ कसलं हलकं झालंय.”

“कोवळी पानं, दुसरं काय. खा तू.”

मीही खाल्ल्या. उत्तमच होत्या. हात धुवायला म्हणून मागच्या पडवीत गेलो, तांब्या उचलला, आणि कुंडी दिसली.

कुंडीत देठांचे खुंट होते. नुसते खुंट. तिरपे, स्वच्छ, एका दमात कापलेले.

तांब्या कधी खाली ठेवला आठवत नाही. आत आलो तेव्हा कुंदाने माझा चेहरा बघितला आणि हळूच विचारलं, “काय झालं?”

“राणीसाहेब गेल्या.”

“कुठे गेल्या?”

मी तिच्या ताटाकडे बघितलं. अर्धी वडी शिल्लक होती. कुंदा हुशार मुलगी. तिने वडीकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, आणि घास तोंडातल्या तोंडात थांबवला.

“आणखी वाढू का ग?” आक्का म्हणाली.

एवढ्यात सोराबजी मामलेदारांना भेटायला आले. तपकिरी सूट घातला होता, हातात फुलं होती. मामलेदारांचं तोंड धुऊन झालं होतं. “या, सोराबजी,” ते म्हणाले, “बरे आलात. तुमच्यादेखतच बघू.” आणि काठी टेकत पडवीत गेले. मागे आम्ही, मयताला निघाल्यासारखे.

मामलेदार कुंडीपुढे उभे राहिले. वाकायची मनाई, म्हणून ताठच. काळा चष्मा काढला, नवा डोळा बारीक केला. पाऊस पत्र्यावर वाजत होता. नंतर त्यांनी काठीचं टोक एका खुंटावर टेकवलं, आणि मला त्या माणसाची दया आली.

“पोतनीस.”

“रावसाहेब, मी...”

“तू बोलू नकोस. तुझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करावं लागतं, आणि आज माझ्या अंगात हिशेब करायची ताकद नाही.” ते वेताच्या खुर्चीत बसले. आवाज मात्र एकदम कचेरीतला झाला. “पंचनामा होऊन जाऊ दे. सोराबजी, तुम्ही पंच. कुंदा, तू दुसरी. देठांची कापणी तिरपी, एकसारखी. हे गोगलगायीचं काम नव्हे. हत्यार धारदार. चाकू नाही, विळी. घरात विळी कोण वापरतं?”

मी म्हणालो, “रावसाहेब, जबाबदारी माझी होती. माझ्या नावावर घ्या.”

“कुणाच्या नावावर काय घ्यायचं ते मी ठरवीन. माल कुठे आहे?”

पदराला हात पुसत आक्का बाहेर आली. “काय हरवलंय तुमचं?”

“या कुंडीतली पानं, आक्का.”

“हरवायला काय झालं? मी कापली.”

“तू?”

“मग कोण? हा पोरगाच म्हणाला, खास निळूसाठी राखलीयत, तो आला की त्याच्यापुढेच काय ते. म्हटलं, एवढा जीव लावून अळू वाढवलंय, तर वड्याच कराव्यात.”

मामलेदारांनी डोळे मिटले. “माल कुठे आहे, आक्का?”

“बराचसा तुझ्या पोटात.”

सोराबजींनी रुमाल तोंडाला लावला आणि तिकडे पावसाकडे बघायला लागले. नोकरीच्या काळात मामलेदारांनी चोरीचे बैल शोधले होते, खोटे सातबारे शोधले होते, पण मुद्देमाल फिर्यादीच्या पोटात सापडण्याची ही पहिली वेळ.

“झालं,” ते शेवटी म्हणाले. “आक्का, तुझा दोष नाही. पण पोतनीस, अट मोडली.”

“अट कसली?” आक्काने विचारलं.

“अट पानाला भोक नको अशी होती, बाबा,” कुंदा म्हणाली. “तुमच्याच तोंडचे शब्द आहेत. कुंडीत पानं हवीत असं तुम्ही म्हणाला नव्हतात.”

“भोक नव्हतं याला पुरावा? याचा शब्द?” त्यांनी माझ्याकडे काठी केली.

आयुष्यात एकदाच मी अख्खं खरं बोलत होतो, वजाबाकी न करता घेण्यासारखं, आणि ते कुणाच्या कामाचं नव्हतं. कुंदाने खाली बघितलं.

“भोकं?” आक्का म्हणाली. “निळू, तू मामलेदार झालास ते काय खाऊन रे? भोक असतं तर पीठ गळालं नसतं का? पानाला पीठ लावायचं, त्यावर पान, त्यावर पीठ, मग वळायचं. एका जरी पानाला भोक असलं की उकडताना पीठ बाहेर येतं आणि उंड्याचा लगदा होतो. देवरुखला मी अर्धी पानं टाकून देते किडीपायी. इथे एक टाकलं नाही. एकाही पानाला भोक नव्हतं. थांब.”

ती आत गेली आणि न कापलेला, उकडलेला एक अख्खा उंडा ताटलीत घेऊन आली.

मामलेदारांनी ताटली मांडीवर घेतली. मी खिशातलं भिंग पुढे केलं. त्यांनी उंडा उलगडायला सुरुवात केली. हळू, कागदपत्र उलगडावं तसा. पहिलं पान सोडवलं, बोटाने पीठ निपटलं, उजेडाकडे धरलं, भिंगातून बघितलं. बाजूला ठेवलं. दुसरं सोडवलं. आम्ही सगळे खुर्चीभोवती उभे. सोराबजींनी टोपीसुद्धा काढली होती. शेवटचं पान आतलं, सगळ्यात कोवळं. मामलेदारांनी ते नव्या डोळ्यापुढे इतकं जवळ धरलं की पापण्या लागल्या. शिरा उजेडात दिसत होत्या, सगळ्या, देठापासून टोकापर्यंत.

“निर्दोष,” ते म्हणाले.

मग त्यांनी ते पान तोंडात टाकलं. बोटांवरचं पीठही चाटलं. पुरावा चावून झाल्यावर रुमालाने मिशा पुसल्या आणि कुंदाकडे न बघता म्हणाले, “दुसरा विषय काढायला माझी हरकत नाही.”

कुंदा आत पळाली. आक्काने विचारलं, “दुसरा विषय कुठला?” पण तिला उत्तर द्यायच्या फंदात कुणी पडलं नाही. उरलेली पानं तिने पिठासकट पुन्हा गुंडाळली आणि सोराबजींपुढे केली. “तुम्ही खाल्लीच नाहीत. घ्या.”

सोराबजींनी एक घास घेतला. चावला. चावायचे थांबले. माझ्याकडे बघितलं. पुन्हा चावला, डोळे मिटून, जुना मित्र स्टेशनवर भेटावा तशा चेहऱ्याने.

“आक्काबाई,” त्यांनी अगदी हळू विचारलं, “याच्यामध्ये चिंच कोणता घातला?”

“घडवंचीखाली बाटलीत कोळ होता ना करून ठेवलेला, तोच. जरा पातळ होता, म्हणून सगळा ओतला. का, आंबट झालंय? मला मेलीला सर्दीने कसला वास न चव.”

“नाय, नाय,” सोराबजी म्हणाले. “फर्स्ट क्लास चिंच हाय. माझ्या ओळखीचा हाय.”

आणि त्यांनी ताटली संपवली.

मार्गशीर्षात आमचं लग्न झालं. राणीसाहेब मातीखाली झोपल्या होत्या; मे महिना आला तसा खुंटांच्या बाजूने सुरळ्या वर आल्या, जणू काही झालंच नव्हतं. मामलेदारांनी कुंडीपुढे पाटी लावली, “हे अळू नव्हे.” वड्या मात्र त्यांना दर भाद्रपदात हव्या असत. कुंदा परसातल्या अळवाच्या करायची. पहिल्या वर्षी तिने खरी चिंच घातली, तेव्हा सासरेबुवांनी एक खाऊन ताटली बाजूला सारली. “पानाचा दोष नाही,” म्हणाले, “पण चिंच ती नव्हे.” दुसऱ्या वर्षापासून कुंदा भाद्रपद लागला की माझ्या हातात सरबताची रिकामी बाटली द्यायची आणि कुंपणाकडे बोट करायची.

दारूबंदी सभेचे ते शेवटपर्यंत अध्यक्ष राहिले. भाषणात त्यांचा एक ठरलेला भाग असे. माणूस दारूकडे का वळतो, तर त्याच्या जिभेला घरच्या सात्त्विक चवीची ओळख नसते म्हणून. “आमच्या घरच्या वड्या एकदा खाऊन बघा,” ते म्हणायचे, “बाटलीची आठवणसुद्धा होणार नाही.”

पहिल्या रांगेत सोराबजी बसलेले असत. या वाक्याला सगळ्यात आधी टाळ्या त्यांच्या.